नऊ व्होल्टची लेगो आगगाडी त्याच वळणावर पुन्हा पुन्हा थांबते: दोष कुठे शोधायचा

"आत्या, गाडी परत बसली!"

गेल्या पावसाळ्यात भाच्याची ही हाक मी दर चार-पाच दिवसांनी ऐकत होते. गाडी खिडकीखालच्या वळणात शिरायची, दिवे मंदावायचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्यावर ती उभी राहायची. रूळ पुसले की तासभर छान पळायची. आठवडा लोटला की पुन्हा तीच जागा, पुन्हा तीच हाक. पुसण्यासाठी मी काय काय वापरलं असेल! त्यातल्या दोन गोष्टींचा आजही पश्चात्ताप होतो, त्यांचं पुढे सांगते. दोष पुसण्यात नव्हताच. मी चुकीचा जोड शोधत होते आणि खरा जोड गाडी जिथवर पोचतच नव्हती तिथे होता. तो कसा सापडला ते सविस्तर लिहिते, कारण ज्यांच्याकडे हे जुने संच आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांची गाडी कधी ना कधी अशीच बसते.

आधी तुमचा संच कोणत्या काळातला आहे ते पाहून घ्या, कारण वीज कशी येते ते त्यावर ठरतं. लेगोची आगगाडी १९६६ मध्ये आली. तेव्हा रूळ निळे होते आणि गाडी साडेचार व्होल्टच्या बॅटरीवर चालायची. नंतर बारा व्होल्टची गाडी आली, तिला दोन रुळांच्या मधोमध विजेच्या वेगळ्या पट्ट्या असतात. १९८० पासून रूळ करडे झाले, पण बारा व्होल्टची व्यवस्था तीच राहिली. १९९१ मध्ये नऊ व्होल्टची गाडी आली आणि मधली पट्टी गेली. रुळांवरच धातूचा पत्रा बसवला आणि मोटरीच्या धातूच्या चाकांतून वीज आत जाऊ लागली. २००६ पासूनच्या रिमोटच्या गाड्यांचे रूळ निव्वळ प्लॅस्टिकचे आहेत, त्यांचा या लेखाशी संबंध नाही. तुमच्या रुळाच्या माथ्यावर चकाकणारा पत्रा असेल आणि मध्ये पट्टी नसेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

आमच्याकडचा संच ४५५८ क्रमांकाचा, म्हणजे १९९१ चा मेट्रोलायनर. आतेभावाने जर्मनीतून दोन खोक्यांत आणला. हाच संच २००१ मध्ये १०००१ या क्रमांकाने पुन्हा निघाला होता, त्यामुळे तोही तुमच्या हाती आलेला असू शकतो. खोक्यांत पाच-सहा संचांचे ठोकळे एकत्र मिसळलेले होते. डबे जुळवायला दोन महिने गेले आणि ते दोन महिने फार सुखाचे होते. खरा प्रश्न रूळ मांडल्यावर सुरू झाला.

आमची मांडणी साधी आहे, दोन्ही बाजू सरळ आणि दोन्ही टोकं गोल. वळणाचे सोळा तुकडे (पूर्ण वर्तुळाला सोळाच लागतात) आणि सरळ बारा. एकूण अठ्ठावीस तुकडे, दीड मीटर लांबी, सत्तर सेंटिमीटर रुंदी. रेग्युलेटरची, म्हणजे गाडीचा वेग कमी-जास्त करायच्या डबीची, वायर एका सरळ बाजूला लावली आहे. वायर लावलेल्या तुकड्याला १ नंबर देऊन मी पेन्सिलीने खालच्या बाजूला सगळ्यांना नंबर घातले. हे नंबर घालायला मी दोन महिने उशीर केला. तुम्ही पहिल्याच दिवशी घाला. "खिडकीजवळ कुठेतरी थांबते" हे वाक्य कशाच्याच कामाचं नाही, "८ ओलांडून ९ वर थांबते" हे फार कामाचं आहे.

एक शब्द आधी स्पष्ट करते. रेल्वेच्या भाषेत सांधा म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारी जागा, जिथे आपण सांधा बदलतो. म्हणून दोन तुकडे जिथे मिळतात त्याला मी इथे जोड म्हणते आहे.

आधी ती कशी थांबते ते बघा

हात लावण्याआधी गाडी चार-पाच वेळा थांबू द्या आणि लिहून ठेवा. एकाच जागी थांबत असेल तर दोष रुळात. कुठेही थांबत असेल, पण दहा-पंधरा मिनिटं पळाल्यावरच, आणि थोड्या विश्रांतीने पुन्हा सुरू होत असेल, तर काहीतरी तापतंय. सुरुवातीपासून सगळीकडेच हिसके देत असेल तर चाकं. एवढ्यावरून अर्धं काम होतं.

मोटर चांगली आहे की नाही हे दोन मिनिटांत कळतं. नऊ व्होल्टच्या मोटरीच्या डोक्यावर वायर लावायची धातूची जागा असते, डब्यांतल्या दिव्यांना वीज तिथूनच देतात. मोटर उलटी हातात धरा आणि रेग्युलेटरची वायर थेट त्या जागी बसवा. चाकं जोरात, एका लयीत फिरली तर मोटर ठीक आहे आणि रेग्युलेटरही ठीक आहे. दोघांवरचा संशय एकदम मिटतो. आमची मोटर मधमाशीसारखी गुणगुणत फिरली.

मी दोन महिने फसले ते इथे

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर घेऊन मी दोन रुळांना त्याची दोन टोकं लावली. १ वर ८.९ व्होल्ट. ९ वर ८.९. पलीकडे अगदी लांबच्या १५ वरही ८.९. मग रूळ उत्तमच आहेत असं मी ठरवून टाकलं आणि चाकांच्या मागे लागले.

चूक अशी की तेव्हा रुळावर गाडी नव्हती. मल्टिमीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, त्यामुळे जोड कितीही वाईट असला, पत्र्याला पत्रा केसाएवढा टेकलेला असला, तरी आकडा पूर्ण दिसतो. नळाच्या पाइपात गाळ साचून वाट अरुंद झाली असली तरी तोटी बंद असताना दाब पूर्णच लागतो ना, तसं. तोटी उघडली की कळतं. म्हणजे मोजताना काहीतरी वीज ओढत असलं पाहिजे.

त्यासाठी मोटरसायकलचा बारा व्होल्ट, पाच वॅटचा छोटा बल्ब आणा. कोणत्याही ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळतो. त्याला दोन वायरी डाखून घ्या आणि त्यांची उघडी टोकं दोन रुळांवर टेकवा. रेग्युलेटर पूर्ण वेगावर ठेवा. बल्ब नऊ व्होल्टवर थोडा कमी तेजाने पेटतो, पण स्पष्ट पेटतो. आता १ पासून एकेका तुकड्यावर तो टेकवत पुढे जा. ज्या जोडानंतर उजेड एकदम उतरतो तो जोड वाईट. मल्टिमीटर नसला तरी चालतं, डोळ्यांनाच दिसतं. मल्टिमीटर असेल तर बल्ब पेटलेला असतानाच त्याच तुकड्यावर आकडा घ्या.

बल्ब लावल्यावर आमच्या १ वर ८.४ आले. आणि १५ वर ४.७.

गोल तोडल्याशिवाय दोष दिसत नाही

या लेखात मला मुख्य सांगायचं आहे ते हे.

गोल मांडणीत कुठल्याही तुकड्याला वीज दोन्ही बाजूंनी पोचते. एक जोड पूर्ण तुटला तरी काही बिघडल्यासारखं दिसत नाही, कारण दुसरीकडून वळसा घालून वीज येतेच. गाडी धावते, आपण खूश असतो. त्याच रुळावरचा दुसरा एखादा जोड ढिला पडला की मात्र त्या दोघांमधला सगळा भाग उपाशी राहतो. गाडी त्या भागात शिरते आणि पहिल्या एक-दोन तुकड्यांतच बसते. आपण साहजिकच ती थांबली तिथला जोड साफ करतो. वीज तिथून येऊ लागते, गाडी पळू लागते, आपल्याला वाटतं दोष गेला. प्रत्यक्षात दुसरा जोड तसाच मेलेला असतो. पहिला पुन्हा थोडा मळला की परत तोच खेळ.

आमचं नेमकं हेच झालं होतं. गाडी ८ ओलांडून ९ वर बसायची. मी ८-९ चा जोड पुसायचे. खरा मेलेला जोड २१ आणि २२ च्या मध्ये होता, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पलंगाच्या पायाजवळ. गाडी तिथवर पोचायच्या आतच थांबत होती, त्यामुळे त्याचा संशय कधी आलाच नाही.

हे ओळखायची सर्वात सोपी खूण फुकट आहे. गाडी उलट दिशेने चालवा. ९ वर थांबणारी गाडी उलट सोडल्यावर २२ ओलांडून २१ वर थांबली, तेव्हा मी अक्षरशः जमिनीवर बसले. उपाशी भागाची दोन्ही टोकं गाडीने स्वतःच दाखवून दिली होती. इतक्या दिवसांत आम्ही ती कधी उलट चालवली नव्हती, कारण भाच्याला इंजिन पुढेच हवं असायचं.

खात्री करायची तर गोल तोडा. वायर लावलेल्या तुकड्याच्या बरोबर समोरचा तुकडा, आमच्याकडे १५, काढून बाजूला ठेवा. आता उरतात १ पासून निघालेल्या दोन सरळसोट फांद्या. वीज वळसा घालू शकत नाही, प्रत्येक वाईट जोड उघडा पडतो. बल्ब घेऊन एका फांदीवरून शेवटपर्यंत जा, मग दुसरीवरून. आमच्या पहिल्या फांदीत ८ पर्यंत आठच्या आसपास आकडा होता, ९ वर ४.६. दुसऱ्या फांदीत २८ पासून २२ पर्यंत उजेड छान होता, २१ वर बल्ब पेटलाच नाही.

कोणत्या बाजूचा रूळ वाईट हेही लगेच काढता येतं. बल्बची एक वायर २१ च्या आतल्या रुळावर आणि दुसरी २२ च्या बाहेरच्या रुळावर ठेवा. पेटला तर २१-२२ मधला बाहेरचा जोड वाईट, कारण आतून वीज येते आहे. नाही पेटला तर उलट करून बघा.

जोड दुरुस्त करताना

तुकड्याच्या टोकाशी पत्रा वळवून खाली आणलेला असतो आणि शेजारच्या तुकड्याच्या पत्र्याला तो टेकतो. वीज तेवढ्याच चिमुकल्या जागेतून पुढे जाते. वर्षानुवर्षं लावून-काढून हा पत्रा आत चेपला जातो. २१ चा चेपलेला होताच, शिवाय त्यावर हिरवट थर होता. आमच्या रत्नागिरीत जून ते सप्टेंबर दमट खारं वारं घरभर फिरतं. दाराच्या कडीची जी अवस्था होते तीच रुळाच्या पत्र्याची.

हिरवट थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघाला. कानातल्या काडीला थोडं लावून जोडाच्या खाचेत फिरवायचं, काडी काळी-हिरवी व्हायची थांबेपर्यंत. नंतर लाकडी दात-कोरणीने पत्रा आतून बाहेर अगदी किंचित उचलायचा. नखाएवढाही नाही, कागदाच्या जाडीएवढा. धातूची सुई किंवा कात्रीचं टोक वापरू नका. घसरलं की पत्रा फाटतो आणि तो तुकडा गेला. हे काम चष्मा लावून, सकाळच्या उजेडात करावं. मला प्रत्येक जोडाला दोन-तीन मिनिटं लागली.

८-९ च्या जोडाचं कारण वेगळंच निघालं. तो फरशीच्या उंच कोपऱ्यावर येत होता. गाडी वरून गेली की तुकडे किंचित वर-खाली व्हायचे आणि पत्रे एकमेकांपासून सुटायचे. त्यामुळेच तो पुसल्यावर काही दिवस टिकायचा आणि मग पुन्हा ढिला व्हायचा. सगळी मांडणी मी हाताच्या रुंदीएवढी सरकवली. बस्स, एवढंच.

आता त्या दोन पश्चात्तापाच्या गोष्टी. पहिली, पॉलिश पेपर. काळे डाग चटकन जातात म्हणून मी ५ ते १२ नंबरचे तुकडे बारीक पॉलिश पेपरने घासले. घासल्याने पत्र्यावर बारीक चरे पडतात. चऱ्यांत मळ अडकतो, चाकाखाली छोट्या ठिणग्या उडतात, आणि ठिणग्यांनी आणखी काळं साचतं. ते आठ तुकडे आजही बाकीच्यांपेक्षा लवकर काळे होतात. पेन्सिलीच्या मऊ खोडरबरापलीकडे जाऊ नका, आणि खोडरबराचा कीस ब्रशने पूर्ण झटका. दुसरी गोष्ट, नेलपॉलिश रिमूव्हर. त्यात अॅसिटोन असलं तर ठोकळ्यांचं एबीएस प्लॅस्टिक विरघळतं. माझ्या एका सरळ तुकड्याची कड वितळलेल्या मेणासारखी झाली आहे. थिनरही तसलाच. आयसोप्रोपिल अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळ नक्की. खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब आणि रेग्युलेटर बंद करून वापरा.

दुसरी वायर

मांडणी मोठी असेल तर जोड चांगले असूनही लांबच्या टोकाला गाडी मंदावते, कारण प्रत्येक जोडात थोडं थोडं जातंच. तुमच्याकडे पन्नासच्या वर तुकडे असतील तर समोरच्या बाजूला दुसरी वायर लावा, त्याच रेग्युलेटरवरून. मात्र दोन्ही वायरींची बाजू जुळली पाहिजे. पहिल्या वायरीची जी तार बाहेरच्या रुळाला लागते तीच दुसऱ्या वायरीचीही बाहेरच लागली पाहिजे. उलटी लागली तर सरळ शॉर्ट सर्किट. लेगोच्या वायरीची चौकोनी टोकं फिरवून बसवली की बाजू बदलतात, म्हणून दुसरी वायर लावण्याआधी मल्टिमीटरवर अधिक-उणे तपासा.

मांडणीत उलट वळण असेल, म्हणजे गाडी सांध्यावरून जाऊन त्याच रुळावर उलट तोंडाने परत येत असेल, तरीही शॉर्ट होतं. तिथे कितीही पुसून उपयोग नाही. ती मांडणीच नऊ व्होल्टला तशी चालत नाही, एक भाग वेगळा तोडावा लागतो.

मोठ्या रेल्वेलाही हा प्रश्न असतोच. आमच्या स्टेशनावर उभं राहून नीट पाहिलं तर दोन रुळांच्या जोडावर बाजूने तार जोडलेली दिसते. पट्टी आणि बोल्ट असतातच, पण गंजलेल्या पट्टीतून वीज जाईलच याचा भरवसा नाही, म्हणून वरून तार. भाच्याला ती तार दाखवली, तेव्हापासून तो प्रत्येक जोडाला नाव ठेवायच्या विचारात आहे.

तापून थांबत असेल तर

रूळ ठीक निघाले आणि गाडी पंधरा मिनिटांनी कुठेही थांबत असेल, तर मोटरीला हात लावून बघा. आत एक छोटा सुरक्षेचा भाग असतो. जास्त वीज वाहिली की तो तापतो आणि वीज अडवतो, थंड झाला की पुन्हा सोडतो. मोटर जळू नये म्हणूनच तो तिथे आहे, त्याला काढायच्या भानगडीत पडू नका. त्याला तापवतं काय ते शोधा. बहुतेक वेळा डब्यांची चाकं. एकेक डबा उलटा करून चाकाला टिचकी मारा. जो पटकन थांबतो त्याच्या आसात केस गुंडाळलेले सापडतील. आमच्या एका डब्याच्या आसातून मांजराचे केस आणि गालिच्याचा धागा मिळून कापसाच्या वातीएवढा गुंता निघाला. आम्ही मांजर पाळत नाही. म्हणजे तो धागा जर्मनीहूनच आला असणार, आणि त्या घरातली मांजर कशी असेल यावर भाच्याचं चित्र अजून फ्रिजवर आहे.

आसाला खोबरेल तेल लावू नका. थंडीत ते थिजतं आणि चाक आणखी जड होतं. प्लॅस्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस टाचणीच्या टोकाएवढं पुरतं, आणि रुळाला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नका.

रेग्युलेटरही तापू शकतो. त्याच्या आत व्होल्ट ठरवणारा एलएम३१७ जातीचा आयसी आहे. तो फार तापला की आपोआप वीज आवरतो. मे महिन्यात गादीवर किंवा उशीवर ठेवलेला रेग्युलेटर असाच थांबेल. फरशीवर ठेवा.

अडॅप्टरबद्दल एकच सांगते. अमेरिकेतून आलेल्या संचाचा अडॅप्टर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये तो फक्त पिन बदलून लावला तर जळतो. युरोपातला २३० चाच असतो, त्याला पिन बदलून चालतं. लावण्याआधी त्याच्या पाठीवरचा आकडा वाचा.

बारा व्होल्टच्या गाड्यांत हेच तत्त्व चालतं, फक्त बल्ब मधल्या दोन पट्ट्यांवर टेकवायचा. त्यांच्या मोटरीखालच्या स्प्रिंगच्या पट्ट्या अडकतात, त्या बोटाने दाबून सुटतात का ते पाहा. आणि चाकांवरचं रबर चाळीस वर्षांत कडक झालेलं असतं. गाडी थांबत नाही पण जागीच चाकं फिरतात, तेव्हा दोष विजेत शोधू नका.

आता दर जून महिन्यात रूळ काढून ठेवताना मी तुकडे कोरड्या फडक्याने पुसते, दहा-दहाचे गठ्ठे झिपच्या पिशवीत घालते आणि प्रत्येक पिशवीत सिलिका जेलची पुडी टाकते. ऑक्टोबरात मांडताना १५ नंबर सगळ्यात शेवटी लावते. त्याआधी बल्ब घेऊन दोन्ही फांद्या चालून होते. या वेळी सगळीकडे आठच्या वर आकडा आला, फक्त २१ वर ७.६. त्याच्या खाली लाल पेनाने एक ठिपका केला आहे.